फिक्स ऑलवाल्यांनो, उभे राहा

तू नाही रे, तुझ्या मागचा. हो, तूच. आणि रविवारी तुझ्याबरोबर शेपूट म्हणून गेलेला तोही. मान खाली घालायची नाही, माझ्याकडे बघायचं. बाकीच्यांनी फिदीफिदी हसायचं कारण नाही; तुमच्यातल्या निम्म्यांकडे तेच क्लीनर आहे, हे मला ठाऊक आहे.

आज सकाळी सीए साहेबांचा फोन आला. उद्या २० तारीख, जीएसटीआर-३बी भरायचा शेवटचा दिवस. त्यांच्या मुख्य मशीनवर टॅक्सच्या सॉफ्टवेअरची फाइल उघडायला गेलं की विंडोज विचारतंय, ही कशात उघडू? कशीबशी उघडली तर रिपोर्ट छापताना ‘क्लास नॉट रजिस्टर्ड’. ‘रिपेअर’ दाबलं तर इन्स्टॉलर म्हणतो, माझा मूळ सेटअप कुठे आहे ते आधी दाखवा. शनिवारपर्यंत यातलं सगळं चालत होतं. तक्रार एवढीच होती की मशीन हळू चालतं. तेवढ्यासाठी तुम्हा दोघांना क्लासच्या नावावर पाठवलं, आणि तुम्ही हळू चालणारं मशीन न चालणारं करून आलात.

वर तोंड करून सांगतोस काय, तर ‘मॅडम, आम्ही दुसरं काहीच केलं नाही, फक्त रजिस्ट्री साफ केली. ८३७ एरर होते, सगळे फिक्स केले.’

बरं. त्या ८३७ पैकी एक सांग. कुठलाही. पहिला सांग, शेवटचा सांग. नाही ना येत? म्हणजे दुसऱ्याच्या मशीनमधल्या ८३७ नोंदी तू उडवल्यास आणि त्यातली एकही वाचली नाहीस.

मी वाचल्या. क्लीनर आपण काय काय केलं त्याचा लॉग ठेवतं. तो पुसायची अक्कल तुम्हाला नव्हती हे नशीब. ऑफिसातल्या मुलीनं तो मला मेल केला. वरच्याच ओळींमध्ये टॅक्सच्या फाइलचं एक्स्टेन्शन आहे. शेरा काय, तर उघडणारा प्रोग्रॅम मिसिंग. आणि त्या प्रोग्रॅमची जागा? झेड ड्राइव्ह. आता मला सांग, त्या मशीनला झेड नावाची डिस्क आहे का? नाही. ती आतल्या खोलीतल्या मशीनवरची शेअर केलेली जागा आहे, त्या मशीनला ते सर्व्हर म्हणतात. रविवारी ऑफिस बंद, आतलं मशीन बंद. क्लीनरनं पत्ता वाचला, हाक मारली, आतून ओ आली नाही, की झाली फाइल मिसिंग. घराला कुलूप दिसलं म्हणून सातबाऱ्यावरून नाव उडवणाऱ्या तलाठ्याला तुम्ही काय म्हणाल? त्याला निलंबित करतात. तुम्ही त्याच्या हातात शिक्का दिलात आणि शेजारी उभे राहून बघत बसलात. लॉगमध्ये झेडच्या अशा नोंदी पुढे पानभर आहेत. रिपोर्ट छापणारं कॉम्पोनंट तिथलं, सेटअप तिथला, सगळंच तिथलं.

रजिस्ट्री शिकवली त्या दिवशी कुठे होतात, ते विचारत नाही. हजेरीपत्रकावर सह्या आहेत तुमच्या. आज पुन्हा ऐका, उभ्यानं.

विंडोज ३.१ मध्ये, १९९२ साली, रजिस्ट्री आली तेव्हा तिचं काम किरकोळ होतं. कुठल्या फाइलला कुठला प्रोग्रॅम, असलं काहीबाही लक्षात ठेवायचं. बाकी सेटिंग्ज आयएनआय नावाच्या साध्या मजकुराच्या फायलींत, ज्याची त्याची वेगळी चूल. विंडोज ९५ पासून सगळा कारभार रजिस्ट्रीत आला. आज सी ड्राइव्हवर विंडोज, त्यात सिस्टिम३२, त्यात कॉन्फिग असं आत शिरलात तर सॅम, सिक्युरिटी, सॉफ्टवेअर, सिस्टिम, डीफॉल्ट अशा नावांच्या बिनएक्स्टेन्शनच्या फायली दिसतील. त्यांना हाइव्ह म्हणतात. ‘सिस्टिम’मध्ये ड्रायव्हर आणि सर्व्हिसेस, ती बिघडली की विंडोज उठतच नाही. ‘सॅम’मध्ये मशीनवरच्या युजरांची खाती. शिवाय प्रत्येक युजरची आपली वेगळी हाइव्ह, एनटीयूजर डॉट डॅट, त्याच्या प्रोफाइलच्या फोल्डरात. रेजएडिट उघडल्यावर दिसणारं एचकी क्लासेस रूट तर स्वतंत्र असं काही नसतंच. मशीनच्या आणि युजरच्या नोंदी एकावर एक ठेवून विंडोज तुम्हाला ते दाखवतं. तिथली एक नोंद पुसली तर नेमकी कुणाची पुसली, हे तुझ्या क्लीनरला ठाऊक असेलही. तुला आहे?

आणखी एक. तुम्ही चालवलेलं क्लीनर ३२ बिटचं, मशीन ६४ बिटचं. ३२ बिटचा प्रोग्रॅम सिस्टिम३२ मध्ये डोकवायला गेला की विंडोज त्याला गुपचूप सिसवॉव६४ नावाच्या फोल्डरात नेऊन सोडतं. रजिस्ट्रीतही ‘सॉफ्टवेअर’खाली त्याच्यासाठी वॉव६४३२नोड अशी वेगळी जागा असते. जुने प्रोग्रॅम चालत राहावेत म्हणून केलेली ही सोय आहे. ज्या क्लीनरच्या लेखकानं ही फिरवाफिरव लक्षात घेतली नाही, त्याला ६४ बिटच्या चांगल्या जित्याजागत्या फायलीही ‘मिसिंग’ दिसतात. स्क्रीनवर लाल अक्षरात काही आलं म्हणजे ते खरंच असतं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? मी नाही.

आता मुख्य तक्रार. मशीन हळू. त्यासाठी थेट रजिस्ट्रीच्या मुळावर उठायचं सुचलं कसं? विंडोज रजिस्ट्री पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत बसत नाही. ज्याला जी नोंद हवी तिचा पूर्ण मार्ग तो देतो, आणि विंडोज एकेक पायरी उतरून तिथे पोचतं. लाखांनी नोंदी असतात तिथे. त्यात आठशे निकामी पडून राहिल्या, तर त्यांच्याकडे कुणी फिरकतही नाही. पुसल्यानं हाइव्ह लहान होते म्हणाल, तर तेही नाही. मोकळी झालेली जागा त्याच फायलीत राहते, पुढच्या नोंदीसाठी. विंडोज २००० पर्यंत रजिस्ट्रीच्या आकाराला मर्यादा होती, मेमरीही तोकडी असायची, तेव्हा कुणी आकाराची काळजी केली तर मी हसणार नाही. एक्सपीपासून ती मर्यादाच गेली.

आणि तुझा मामा विंडोज ९८ ला दर आठवड्याला क्लीनर चालवायचा, हे मला ऐकवू नकोस. मामाच्या विंडोजमध्ये स्कॅनरेज होतं. रोज मशीन सुरू होताना ते रजिस्ट्रीची प्रत काढून ठेवायचं, मागच्या पाच प्रती हाताशी असायच्या. मामाला चूक करायची मुभा होती. तुला नाही.

हळू का चालत होतं ते मी फोनवरून शोधलं. त्या मुलीला टास्क मॅनेजर उघडायला लावला. डिस्क १०० टक्के. जुनी फिरणारी हार्डडिस्क, ४ जीबी रॅम, स्टार्टअपमध्ये आता कपाटात गेलेल्या प्रिंटरांची टूल्स, आणि दोन अँटिव्हायरस एकमेकांच्या उरावर बसलेले. चहा यायच्या आत निदान झालं. यातलं एकही कारण तुमच्या ८३७ मध्ये नव्हतं.

पण तो आकडा बघून हात शिवशिवले ना? तो आकडा असतोच त्यासाठी. आजच टाकलेल्या कोऱ्या विंडोजवर असलं क्लीनर चालवून बघा, तिथेही काही ना काही एरर काढून दाखवेल. काहीच नाही म्हटलं तर प्रो आवृत्ती विकत कोण घेणार? अमेरिकेत ऑफिस डेपो नावाची मोठी दुकानं आहेत. तिथे ग्राहकाला मशीनची मोफत तपासणी करून द्यायचे. सुरुवातीला चार प्रश्न असायचे, मशीन हळू झालंय का, व्हायरसची सूचना येते का, अशा धाटणीचे. त्यातल्या एकाला जरी ‘हो’ म्हटलं तरी, मशीनमध्ये काही असो वा नसो, मालवेअरची लक्षणं सापडल्याचा निकाल ठरलेला, आणि पाठोपाठ दुरुस्तीचं बिल. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं हे प्रकरण लावून धरलं आणि २०१९ मध्ये ऑफिस डेपोकडून २.५ कोटी डॉलर आणि ते सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या सपोर्ट डॉट कॉमकडून १ कोटी डॉलर भरून घेतले. २०२४ मध्ये रेस्टोरो आणि रीइमेज या सायप्रसच्या दोन कंपन्यांवर हीच पाळी आली, खोटी भीती घालून दुरुस्ती विकल्याच्या आरोपावरून, २.६ कोटी डॉलर. त्यांनी निदान पैशासाठी केलं. तुम्ही फुकटात फसलात आणि फसवलंत.

आणि ते क्लीनर आणलं कुठून, ते मघाशी बाहेर तूच सांगितलंस. इथेही सांग, सगळ्यांना ऐकू दे. सर्चमध्ये वर आलेली जाहिरात. नेक्स्ट, नेक्स्ट, आय अ‍ॅग्री. मग प्रो आवृत्ती फुकट हवी म्हणून क्रॅक. क्रॅकला डिफेंडर अडवतंय म्हणून डिफेंडर बंद. यूएसीनं विचारलं, तू ‘येस’ म्हणालास. म्हणजे कुणी लिहिलाय हे माहीत नसलेल्या प्रोग्रॅमला तू अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे हक्क दिलेस, तेही एका सीएच्या मशीनवर, जिथे गावातल्या निम्म्या व्यापाऱ्यांची खाती, पॅन नंबर आणि पासवर्ड पडलेत. रजिस्ट्रीचं नुकसान मी भरून काढीन. हे साहेबांना कुठल्या तोंडानं सांगू?

खऱ्या जागेवरून घेतलं असतं तरी गाफील राहायची सोय नाही. सीक्लीनर तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये त्याची ३२ बिटची ५.३३ ही आवृत्ती कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवरून, कंपनीच्या अस्सल डिजिटल सहीसकट बाहेर पडली, आणि तिच्या पोटात कुणीतरी चोरदरवाजा बसवलेला होता. १८ सप्टेंबरला ते जाहीर झालं तोवर सुमारे २२ लाख ७० हजार मशीनवर ती पोचली होती. घुसणाऱ्यांना त्यातल्या मोजक्या बड्या तंत्रज्ञान कंपन्या हव्या होत्या, बाकीचे आयतेच सापडले. गरज नसताना मशीनवर ठेवलेला प्रत्येक प्रोग्रॅम हा असा धोका असतो, आणि क्लीनरची गरज तर त्या मशीनला पहिल्यापासूनच नव्हती.

मायक्रोसॉफ्टनं लिहून ठेवलंय, रजिस्ट्री क्लीनरच्या वापराला आमचा पाठिंबा नाही, आणि त्यानं होणारा बिघाड विंडोज नव्यानं टाकावं लागण्यापर्यंत जाऊ शकतो. हीच कंपनी एकेकाळी स्वतःचं रेजक्लीन द्यायची, ते मागे घेतलं. विंडोज इन्स्टॉलर क्लीनअप नावाचं दुसरं होतं, ते एका प्रोग्रॅमच्या नोंदी काढता काढता दुसऱ्यांच्याही खराब करायचं, म्हणून २०१० मध्ये बंद केलं. रजिस्ट्री ज्यांनी बांधली त्यांना हे जमलं नाही. तुम्ही दोघं मात्र ‘सिलेक्ट ऑल’.

काढा वह्या. सगळ्यांनी.

यापुढे माझ्या क्लासचा मुलगा गिऱ्हाइकाच्या रजिस्ट्रीला हात लावेल तर आधी कारण सांगेल, तेही एका वाक्यात. ‘जुन्या स्कॅनरचं सॉफ्टवेअर काढलं, पण त्याचे अवशेष नवी आवृत्ती बसू देत नाहीत,’ हे कारण आहे. ‘साफ असलेलं बरं,’ हे नाही. आणि कारण असलं तरी आधी सेटिंग्जमधून अनइन्स्टॉल, मग त्या कंपनीचं स्वतःचं काढून टाकायचं टूल असेल तर ते, मग मायक्रोसॉफ्टचं इन्स्टॉल-अनइन्स्टॉलचं ट्रबलशूटर. स्टार्टअपला नको ते उठतंय? त्यासाठी सिसइंटर्नल्सचं ऑटोरन्स आहे, मायक्रोसॉफ्टचंच. त्यात टिक काढली की नोंद थांबते, पुसली जात नाही. टिक लावली की पुन्हा चालू. ते सोडून क्लीनरपर्यंत जायची वेळ क्वचित येते.

आलीच, तर परतीची वाट आधी. सिस्टिम प्रोटेक्शन सी ड्राइव्हला चालू आहे का ते बघायचं. कितीतरी मशीनवर ते बंदच असतं, आणि तुम्ही आपले ‘रिस्टोर करू की’ या भरवशावर. चालू करा, स्वतःच्या हातानं पॉइंट बनवा, कळेल असं नाव द्या. एखादा हुशार जुनं पुस्तक वाचून मला सांगेल की विंडोज रेजबॅक फोल्डरात आपोआप प्रत ठेवतं. ठेवायचं. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून ते थांबवलंय, डिस्कची जागा वाचावी म्हणून. आज तो फोल्डर उघडा. फायली असल्याच तर नावं बरोबर दिसतील, आणि आकार शून्य केबी.

मग जिला हात लावणार त्या कीचा एक्सपोर्ट. राइट क्लिक, एक्सपोर्ट, आणि ती डॉट रेज फाइल पेनड्राइव्हवर. डेस्कटॉपवर ठेवू नका. मशीन उठलंच नाही तर डेस्कटॉप कोण उघडणार? आणि हे अधोरेखित करा: डॉट रेज फाइल परत चालवली की ती असलेल्या नोंदींत मिसळते, त्यांच्या जागी बसत नाही. पुसलेलं परत येतं, पण मधल्या काळात जे नव्यानं लिहिलं गेलं ते तसंच राहतं. म्हणून एक्सपोर्ट केला की रिस्टोर पॉइंट नको, असं होत नाही. बरीचशी क्लीनरंही पुसण्याआधी विचारतात, बदलांचा बॅकअप घेऊ का. तुम्हालाही विचारलं होतं. ‘नो’ का दाबलंत? ‘वेळ लागतो, मॅडम.’ काही सेकंद लागतात! तेवढ्या वेळात कुठे आग विझवायला जायचं होतं?

ऑफिसचं मशीन असेल तर अख्ख्या ड्राइव्हची इमेज बाहेरच्या डिस्कवर. विंडोज सुरू न झाल्यास रिकव्हरीत शिरायला यूएसबी तयार. बिटलॉकर चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मालकाकडून आधी मिळवा. स्क्रीननं मागितल्यावर मालकाला फोन लावलात तर तो म्हणणार, बिटलॉकर म्हणजे काय?

एवढं केल्यावर क्लीनर चालवा. मी काही सोवळं पाळणारी नाही. पण त्या मशीनला जे जे कधी जोडलं जातं ते सगळं आधी जोडा: नेटवर्क ड्राइव्ह, बाहेरची डिस्क, टोकन, डाँगल. स्कॅन झाला की सगळ्या टिका काढा आणि ज्या प्रोग्रॅमसाठी आलात त्याच्याच नोंदी शोधा. महिरपी कंसातला लांबलचक आकडा दिसला की भांबावायचं नाही, ती सीएलएसआयडी. रेजएडिटमध्ये तिच्याखाली इनप्रॉकसर्व्हर३२ असेल तर उघडा, तिथे एका डीएलएलचा पत्ता लिहिलेला असतो. तो वाचा, ती कुणाची ते बघा. कळली तर ठरवा, नाही कळली तर राहू द्या. ती काही खायला मागत नाही. पाचसात काढा, मशीन पुन्हा सुरू करा, मालकाला त्याचे रोजचे प्रोग्रॅम उघडायला लावा, एक प्रिंट काढायला लावा. मगच पुढच्या पाचसात. वेळापत्रकावर आपोआप चालायची सोय असते, ती बंद. काम संपलं की क्लीनरही मशीनवरून काढून टाका.

तुम्ही दोघं. आत्ताच्या आत्ता निघायचं. पोर्टलला काही झालेलं नाही, तेव्हा रिटर्न दुसऱ्या मशीनवरून भरायला मी त्यांना सांगितलंय. बिघडलेलं मशीन आधी नेटवरून काढायचं. डिजिटल सहीचं टोकन त्याला लावलेलं असेल तर काढून साहेबांच्या हातात द्यायचं. डिफेंडर चालू, मग ऑफलाइन स्कॅन. क्रॅकबरोबर काही आत आलेलं सापडलं तर रिस्टोर बिस्टोर विसरा, डेटा काढून विंडोज नव्यानं टाकायचं, रात्र झाली तरी. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या मशीनवरून. स्कॅन कोरा आला तर सिस्टिम रिस्टोर बघा. शनिवारच्या अपडेटनं एखादा पॉइंट काढून ठेवला असेल तर तुमचं नशीब. नसेल तर आतलं मशीन चालू करून, झेड जोडून, सेटअप पहिल्यापासून. ‘एसएफसी स्कॅननाऊ चालवतो,’ असं कुजबुजतोयस ना? ते विंडोजच्या सिस्टिम फायली दुरुस्त करतं. टॅक्सच्या सॉफ्टवेअरची उडालेली नोंद त्याच्या गावीही नसते.

रविवारचे पैसे परत करायचे. क्रॅकचं तुम्ही स्वतः सांगायचं, मी सांगायच्या आधी. साहेब ओरडतील, ऐकून घ्यायचं. ‘विंडोजचाच प्रॉब्लेम होता, सर,’ असलं काही तोंडातून बाहेर पडल्याचं माझ्या कानावर आलं, तर परत या क्लासची पायरी चढायची नाही.